थेम्सकाठी हरीभाऊ

हरीभाऊ राऊतांना कौतुकानं काही दाखवायची सोय नव्हती. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू असताना तिथं एक अवाढव्य क्रेन आली. आम्ही सगळे माना वर करून बघत राहिलो. हरीभाऊ म्हणाले, "आमच्या माहीमच्या वाडीतला रहाट ह्येच करतो. बैल लागतो, एवढाच काय तो फरक."

मी साताऱ्याचा, नोकरीपायी बोईसरला आलेला. हरीभाऊ पिढ्यान्‌पिढ्या पालघरजवळच्या माहीमचे, पानवेली आणि केळींत वाढलेले. आम्हा दोघांना ट्रेनिंगसाठी अमेरिकेला धाडायचं ठरलं आणि वाटेत लंडनला दोन दिवस मुक्काम मिळाला. मी नकाशा घेतला. हरीभाऊंनी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी घेतली.

पहिल्याच सकाळी नदीकाठच्या टॉवर नावाच्या जुन्या किल्ल्यात गेलो. हरीभाऊंनी भिंतीवर बोटानं टकटक करून पाहिलं. "जोशी, तुमी शिरगावचा किल्ला बघितलाय? भिंत हिच्याहून जाड. वर समुद्र फुकट."

"इथे राण्यांची डोकी उडवली, हरीभाऊ."

"मग त्यात दाखवण्यासारखं काय हाय?"

तिथल्या दाढीवाल्या पहारेकऱ्याला त्यांनी माझ्याकरवी एकच प्रश्न विचारला: नदीला भरती किती चढते? बिचाऱ्याला आजवर सगळ्यांनी मुंडक्यांचंच विचारलं असावं. तो खुलला. आम्हाला काठाशी नेऊन त्यानं दगडावरची ओली रेघ दाखवली. मग दोघांचं हातवारे करून अमावास्या-पुनवेचं बोलणं सुरू झालं. दोन्ही भाषा येणारा मी एकटाच, आणि मलाच काम नव्हतं. निघताना हरीभाऊंनी त्याच्या हातावर दोन सुकेळी ठेवली.

तेवढ्यात भोंगा झाला. जहाज येत होतं. समोरचा तो प्रसिद्ध पूल मधोमध दुभंगला आणि दोन्ही फळ्या आभाळाकडे उचलल्या गेल्या. मी पुलाकडे न बघता हरीभाऊंकडे बघत होतो. आता काय म्हणतात?

तेही मान वर करून बघत राहिले. जहाज गेलं, पूल मिटला.

"आमच्या दातिवऱ्याला खाडीवर पूलच नाय," ते म्हणाले. "म्हणून उघडायची पाळी येत नाय."

परतताना ते एका चित्रांच्या कार्डांच्या दुकानाशी थांबले. घरी लिहायला एक कार्ड घेतलं. थंडीनं त्यांची बोटं आखडली होती, म्हणून ते सांगत गेले नि मी लिहीत गेलो. "सुखरूप पोचलो. इथं बघण्यासारखं काय नाय. पावसाच्या आत पानवेलींचे मांडव बांधून घ्या."

"काही नाही?" मी विचारलं. "पूल उघडताना तुमचं तोंड मी पाहिलंय."

ते थोडे ओशाळले. "आमच्या हिला वाचता येत नाय. शेजारचे मास्तर ओसरीवर बसून मोठ्यानं वाचतात. आई, भावजया, पोरं, सगळी ऐकतात. तिच्यापुरतं काय लिहिणार? आणि ती पालघरच्या पलीकडं कधी गेली नाय, जोशी. मी एकटाच बघून आलो, ह्ये तिला चारचौघांत कसं कळवू?"

मग त्यांनी आणखी एक कार्ड निवडलं. उघडलेल्या पुलाचं, मधून जहाज चाललेलं. माझ्यापुढे धरून म्हणाले, "ह्याच्यावर नुसता पत्ता घाला. सौ. कमळाबाई हरिश्चंद्र राऊत, मुक्काम माहीम, तालुका पालघर, जिल्हा ठाणे."

"आणि मजकूर?"

"मजकूर नको. ह्ये मास्तरांना वाचायला लागणार नाय."

पत्ता लिहून मी पेन मिटलं. त्यांनी कार्ड घेतलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि पेटीत टाकायला स्वतःच गेले.