बत्तीस नग, मोजून!

आमच्या घरात मी ज्यात कधीच हरलो नव्हतो असा एकच विषय होता, माझे दात. वय सेहेचाळीस, दात बत्तीस! एक किडलेला नाही, एक हललेला नाही. आणि हे मी हवेत बोलत नाही, मोजून बोलतो. मोजणं हा माझा धंदाच आहे हो! कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकोणीस वर्षं नट, बोल्ट, वॉशर मोजतोय. आजवर एक वॉशर इकडचा तिकडे झाला असेल तर शपथ!

तर आमची ठकी, म्हणजे अकरा वर्षांचं कन्यारत्न, तिच्या खालच्या दोन दुधाच्या दाढा जागच्या हलायला तयार नव्हत्या. वर्गातल्या सगळ्यांच्या पडून नव्या आल्या, हिच्या आपल्या ठाण मांडून! म्हणून आम्ही तिघं मुलांच्या दातांच्या दवाखान्यात गेलो. फॉर्मवर 'सोबतचे पालक' अशी ओळ होती. तिथे मी लफ्फेदार सही ठोकली, ठकीला म्हणालो, "रडायचं नाही हं!" आणि बदकाच्या आकाराच्या बुटक्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसलो.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढून दाखवला. "या दोन दाढांखाली पक्के दात नाहीत."

"उशिरा येतील का?" मी विचारलं.

"येणारच नाहीत. तयारच झालेले नाहीत. जन्मजात असतं असं, पुष्कळांना असतं."

ठकीचं तोंड एवढंसं झालं. "मग या काढणार?"

"काढून तारा लावून जागा बंद करता येते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाहीतर याच सांभाळायच्या. मुळं चांगली दिसताहेत, पण ठरवायला घाई नको. हे बऱ्याचदा घराण्यातून येतं. तुमच्यात कुणाला असं आहे का बघा. त्यांच्या किती वर्षं टिकल्या ते कळलं, तर मलाही थोडा अंदाज येईल."

बाहेर आल्या आल्या ठकीनं माझा हात घट्ट धरला. "बाबा, मला नाही काढायच्यात. शोध ना कुणीतरी!"

"शोधतो की! तुझ्या आईच्या माहेरी सापडणार बघ."

"माझ्याच माहेरी का?" बायको थबकली.

"कारण माझे बत्तीस आहेत."

"अहो, पण एकदा दाखवून तरी..."

"मोजलेत!"

मग घर येईपर्यंत ती माझ्यापुढे चार पावलं चालत राहिली.

रविवारी सकाळी मी सासुरवाडीत हजर! हातात बॅटरी, चमच्याचा दांडा आणि रकाने आखलेली वही. सासूबाईंना तपासणीचं कारण सांगितलं. त्यांनी शांतपणे कवळी काढून बशीत ठेवली आणि बोळक्या तोंडानं म्हणाल्या, "घ्या जावईबापू. निवांत मोजा, तोवर मी चहा टाकते."

मेहुणा मात्र मी आल्यापासून तोंडावर हात ठेवून बोलत होता. मला संशय आला.

"आ कर."

"माझं काय काम, भावोजी?"

"मामा, माझ्यासाठी!" ठकी म्हणाली. मामा विरघळला. त्यानं आ केला आणि मी बॅटरी मारली. एकतीस! खाली डावीकडे हे एवढं भगदाड!

"सापडला!" मी असा ओरडलो की स्वयंपाकघरातून त्याची बायको धावत आली. "दात कुठे गेला तुमचा?"

मेहुण्यानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "तो... तो पक्का आलाच नव्हता. जन्मजात! दुधाचाच होता, परवा पडला."

ठकीनं घरभर उड्या मारल्या. मी वहीत लाल शाईनं 'मातृपक्ष' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या, आणि ती वही बायकोला दिसेल अशी टेबलावर ठेवली. हे जरा जास्तच झालं, कबूल आहे.

दुसऱ्या दिवशी आमची वरात दवाखान्यात. मी, बायको, ठकी, मेहुणा आणि 'मीही येते' म्हणून त्याची बायको. डॉक्टरबाईंनी मेहुण्याचा एक्स-रे बघितला आणि भुवया उंचावल्या. "इथे तर मूळ शिल्लक आहे. पक्का दात होता, तुटलाय. अगदी हल्लीच."

मेहुण्याच्या बायकोनं कमरेवर हात ठेवले. "हं, बोला!"

"मित्रांनी पैज लावली..." मेहुणा पुटपुटला. "बाटलीचं झाकण होतं. दातानं उघडायचं..."

पुढचं संभाषण मी इथे देत नाही. माझं लक्ष ठकीकडे होतं. तिचे डोळे काठोकाठ भरले होते. "म्हणजे माझ्यासारखं कुणीच नाही," ती हळूच म्हणाली. खरं सांगतो, त्या क्षणी कुणी म्हणालं असतं तर माझे बत्तीसच्या बत्तीस उपटून दिले असते मी!

"आणि वडलांचे दात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"बत्तीस! मोजून!"

"बसा बघू."

"अहो, मला कशाला उगाच..."

"बसा!" हा आवाज बायकोचा. मी बसलो. खुर्ची मुलांची, त्यामुळे गुडघ्यापासून खालचा मी बाहेर लोंबत होतो. डॉक्टरबाईंनी मोजायला सुरुवात केली.

"बरोबर. बत्तीसच आहेत."

मी आडव्या अवस्थेतच बायकोकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

"पण या दोन..." डॉक्टरबाईंनी आरसा पुन्हा आत घातला. "एक्स-रे काढूया."

काढला. सगळे एक्स-रेभोवती जमले. मेहुण्याची बायकोसुद्धा!

"या दोन दुधाच्या दाढा आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"कुणाच्या?" मी विचारलं.

"तुमच्या. खाली पक्के दात नाहीत. थेट ठकीसारखं."

स्टोअरमध्ये नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला बजावतो, नुसते नग मोजू नकोस, माल कुठला आहे ते बघ. आणि इथे माझ्याच तोंडात आकडा जुळतोय म्हणून मी इतकी वर्षं जुन्या मालावर छाती फुगवून हिंडत होतो!

"म्हणजे भावोजींचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत!" मेहुणा एवढंच म्हणाला आणि कालपासून पहिल्यांदाच तोंडावरचा हात काढून मनसोक्त हसला. बायकोनं पर्समधून माझी वही काढली, 'मातृपक्ष' खोडलं आणि वही परत आत ठेवली. ती अजून तिच्या पर्समध्येच आहे.

ठकीनं मात्र धावत येऊन माझ्या पोटाला मिठी मारली. "बाबा, तू सेहेचाळीस वर्षांचा आहेस! आणि त्या अजून आहेत! तू माझ्यासारखाच आहेस!"

इतका आनंद तिला माझ्या बढतीचाही झाला नव्हता. मग कसली लाज आणि कसलं काय!

"हमी देत नाही मी," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "पण मुळं तिचीही छान आहेत. काढायच्या नाहीत, सांभाळायच्या. दर सहा महिन्यांनी दाखवायला या. दोघंही."

"मीसुद्धा इथेच? मुलांच्या दवाखान्यात?"

"दुधाच्या दाढा ना? मग इथेच."

बाईंनी नवा फॉर्म पुढे केला. बायकोनं माझं नाव घातलं, वय घातलं. 'सोबतचे पालक' या ओळीवर सवयीनं सही करायला मी पेन मागितलं, तर पेन ठकीच्या हातात. तिनं थेट माझ्यासारखी लफ्फेदार सही ठोकली, बदकाच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "रडायचं नाही हं!"