सिंहामागे उभं राहायची पाळी

आमच्या काटेमाळात सिंहाच्या फोटोत जे धूसर येतं ते पुढे कायम धूसरच राहतं. फोटो कुठलाही चालत नाही. वनखात्याच्या विश्रामगृहात ज्याच्यावर शिक्का बसतो तोच. शिक्का बसला की माणूस असो, म्हैस असो, फोटोत जसा आला तसा राहतो. नंतर कितीही महागाची लेन्स लावली तरी त्याचा फोकस परत होत नाही. आणि फोटोतून जे कापलं जातं ते जातं. शाळेचा उजवा अर्धा भाग एका हौशी डॉक्टरांनी फ्रेममध्ये जड वाटतो म्हणून कापला. पोरं डाव्या अर्ध्यात बसतात. फळा उजवीकडे होता, त्यामुळे आता सगळं तोंडी शिकतात.

सिंह मात्र धूसर होता कामा नये, कारण सिंह सरकारी आहे. एकदा एका पाहुण्याचा फोकस चुकून गवताच्या काडीवर बसला आणि घाईत शिक्काही बसला. तेव्हापासून तळ्याकाठी एक तपकिरी ढग फिरतो आणि शेळ्या खातो. भरपाई मागायला गेलं की रेंजर कुळथे साहेब म्हणतात, हल्लेखोराची ओळख पटत नाही. ती काडी अजून लखलखीत उभी आहे. उन्हाळ्यातसुद्धा वाळत नाही.

गावाला हे मान्य आहे. गावाला म्हणजे म्हाताऱ्यांना. नुसत्या गवताने सिंहामागचा रंग फिका येतो. तिथे मोहरीच्या रंगाचं काही नेसून माणूस उभं केलं की ऊन सांडल्यासारखं दिसतं, असं पाहुण्यांचं मत पडलं. मग म्हाताऱ्यांनी पारावर बसून पाळी लावली. दर हंगामाला एका घराने माणूस द्यायचं. कुणाच्या घरचं माणूस किती मऊ, म्हणजे किती धूसर, आलं यावर त्या घराचा मान. सरपंच गंगारामअण्णा तर इतके मऊ आले की त्यांना तोंडच उरलं नाही. त्याच तोंडाने ते गावातली लग्नं जुळवतात.

आमच्या घरातून आई उभी राहिली तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून तिचा हात कुठे संपतो आणि भाकरी कुठे सुरू होते ते कळत नाही. आवाज तेवढा स्पष्ट राहिला. रेशनच्या दुकानात तिचा अंगठा उमटत नाही. दुकानदार दर खेपेला म्हणतो, वहिनी, बोट पुसा. ती पुसते. आबा, म्हणजे माझे वडील, स्वतः कधी उभे राहिले नाहीत. त्यांना गुडघ्याचा त्रास आहे.

मी फोटोग्राफीच्या कॉलेजात होतो. दुसऱ्या वर्षी सोडलं. डेप्थ ऑफ फील्डच्या तासाला सर म्हणाले, विषय सोडून मागचं सगळं म्हणजे अडथळा, तो वितळवायचा. मी म्हणालो, लेन्सचं भोक बारीक केलं तर पुढचं-मागचं सगळंच स्पष्ट येतं. सर म्हणाले, तसे फोटो ओळखपत्राला काढतात. मी म्हणालो, मग तेच शिकवा. वर्ग हसला. मी दप्तर उचललं आणि गावी येऊन पाहुण्यांची जीप चालवायला लागलो.

यंदा पाळी परत आमच्यावर आली. पुण्याचे परचुरे साहेब येणार होते. त्यांच्या सिंहांना बक्षिसं मिळतात. आबांनी कुणाला न विचारता तेजलचं नाव दिलं. तेजल माझी धाकटी बहीण. पोलीस भरतीच्या धावण्यात ती तालुक्यातल्या सगळ्या पोरींना मागे टाकून पास झाली होती. आता फक्त कागद तपासणी आणि डाव्या हाताचा अंगठा राहिला होता.

"आबा, तिथं अंगठा उमटावा लागतो," ती म्हणाली.

"तुझ्या आईचा उमटत नाही, तर काय बिघडलं? संसार झालाच ना तिचा?"

चुलीजवळून आई म्हणाली, "बिघडलं काही नाही. मी आहे का नाही एवढंच कुणी बघत नाही."

आबांनी तिकडे पाहिलं, पण तिचे डोळे नेमके कुठे आहेत ते त्यांना सापडलं नाही, म्हणून ते भिंतीवरच्या कॅलेंडरला बोलले. म्हणाले, पोरगी एक दिवस परक्या घरी जायची, त्याआधी गावाच्या उपयोगी पडली तर बरंच.

मी कुळथे साहेबांकडे गेलो. आधी स्वतःचं नाव दिलं. चालकाला फ्रेममध्ये येता येत नाही, असा नियम निघाला. मग म्हणालो, लेन्सचं भोक बारीक ठेवू, म्हणजे तेजलही स्पष्ट येईल. साहेबांनी यावर खरोखर विचार केला. पंखा बंद करून विचार केला. भोक बारीक केलं की उजेड कमी, उजेड कमी की शटर सावकाश, आणि तेवढ्यात सिंह हलला तर सिंह धूसर, असं त्यांनी मलाच समजावलं.

"आपला सिंह हलत नाही साहेब. दिवसभर लोळत पडलेला असतो."

"खरंय. पण तसं सिंहाकडून लेखी नाही."

परचुरे साहेब आल्यावर त्यांनाही विचारलं. माणूस गोड. मला अरे बाळा म्हणाले. भोक बारीक केलं तर तळ्यातलं शेवाळ दिसेल, प्लास्टिक दिसेल, गाव दिसेल, आणि लोक काही गाव बघायला येत नाहीत, असं त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं. हात चांगला स्पष्ट होता. नखं कापलेली.

घरी येऊन मी तेजलला सांगितलं की आता काही होत नाही. तिने विचारलं, नक्की किती जागा स्पष्ट येते. मी म्हणालो, वीतभर. सिंहाचा डोळा कॅमेऱ्यापासून जेवढा लांब, तेवढ्या अंतरावरची वीतभर पट्टी. तिच्या पुढचं जातं, मागचं जातं.

"आणि त्या पट्टीत त्याच्या शेजारी कुणी असलं तर?"

"तर तेही स्पष्ट येणार. पण सिंहाच्या शेजारी कोण जाणार आहे?"

ती मोहरी रंगाची साडी झटकून घडी घालत बसली.

ऊन कलल्यावर आम्ही तळ्याशी जीप लावली. सिंह काठावर बसला होता. त्याच्या बऱ्याच मागे, बाभळीपाशी, तेजल उभी. बांधावर आबा, अण्णा आणि आणखी काही मऊ मंडळी मान बघायला जमली होती. परचुरे साहेबांनी सिंहाच्या डोळ्यावर फोकस धरला आणि तेजल चालायला लागली.

ती मागे नाही गेली, पुढे आली. अण्णा आपल्या नसलेल्या तोंडातून म्हणाले, मागे हो पोरी, पाळी मोडू नको. आबांनी तर हाक मारायच्या आधी रेंजर साहेबांकडे बघितलं. ती गवतातून सरळ आली आणि सिंहाच्या खांद्याशी थांबली. सिंहाने तिच्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. आमचे सिंह जन्मापासून फोटोला बसलेले आहेत. क्लिक होईपर्यंत हलायचं नसतं हे त्यांना माहीत आहे. तेजलने माझ्याकडे बघितलं. मी बोटाने खूण केली, जरा मागे. ती सरकली. अंतर चुकू नये म्हणून तिने डावा हात त्याच्या आयाळीत घातला, चार बोटं आत, अंगठा बाहेर, आणि श्वास धरला.

क्लिक झालं. तिने हात काढला आणि निघून आली. सिंह झोपला.

विश्रामगृहात परचुरे साहेबांनी फोटो मोठ्या पडद्यावर घेतला. सिंहाची पापणीन् पापणी मोजता येत होती, आणि तेजलचीही. हनुवटीवरचा तीळ, कपाळावरचा घाम, सगळं. मागे नुसता मऊ प्रकाश. इतका वेळ बघितल्यावर मला पहिल्यांदाच वाटलं की आता काहीतरी नीट होणार.

"पोरगी छान आलीय," परचुरे साहेब म्हणाले. "पण फोटो सिंहाचा आहे." आणि त्यांनी फ्रेमची कड धरली.

मी कुळथे साहेबांना म्हणालो, शिक्का मारू नका, ती बाहेर पायरीवर बसलीय, तिला विचारा. साहेब म्हणाले, फोटोतल्या गोष्टीला विचारायची पद्धत नाही, पालकांना विचारता येईल. पालक दारातच उभे होते.

"काही हरकत?"

"छे छे," आबा म्हणाले. "साहेब, तुम्हाला बरं दिसेल तसं करा. पोरगी जरा आगाऊच आहे."

मी माउसवर हात टाकला तर आबांनीच माझं मनगट धरलं. गुडघा दुखणाऱ्या माणसाच्या मानाने पकड चांगली होती. परचुरे साहेबांनी कड आत ओढली. आयाळीतली बोटं काढायची तर आयाळ कापावी लागली असती, ती त्यांना हवी होती. तेवढं त्यांनी राहू दिलं.

बाहेरून तेजलने विचारलं, "दादा, स्पष्ट आलेय ना मी?"

मी "हो" म्हणालो आणि कुळथे साहेबांनी शिक्का मारला.

पायरीवर चार बोटं होती. मी ती घरी आणली. आईने ओंजळीत घेतली तेव्हा तिच्या हातांना कड नसल्याने ती हवेत धरल्यासारखी दिसली. पण त्यांनी आईला ओळखलं. आता ती तिच्यासाठी तांदूळ निवडतात. फोटोला बक्षीस मिळालं आणि पारावर आबांसाठी पुढची जागा झाली.

तपासणीच्या दिवशी मी बोटं स्वच्छ रुमालात घेऊन जिल्ह्याला गेलो. रांगेत उभा राहिलो. कारकुनाने एकेक बोट मशीनवर टेकवलं. चारही उमटली.

"इतके स्वच्छ ठसे आज कुणाचे आले नाहीत," तो म्हणाला. "अंगठा?"

"फोटोच्या बाहेर राहिला."

त्याने मान हलवली. त्याला त्यात वावगं काही वाटलं नाही. "अंगठा लागतो," तो म्हणाला आणि त्याने मागच्या मुलीला पुढे बोलावलं.

परतीच्या एसटीत मी रुमाल मांडीवर उघडा ठेवला होता. काटेमाळचा फाटा येईपर्यंत त्या चार बोटांनी माझा अंगठा घट्ट धरून ठेवला.