तिसऱ्या यंत्राच्या वाट्याचा पालापाचोळा

"अगं, ज्याची हयात सरकारी खरेदीत गेली, त्याला फांद्या कुटायचं एक यंत्र निवडायला असा कितीसा वेळ लागणार? गुरुवारपर्यंत विषय संपला समज!"

चहाचा कप खाली ठेवत मुरलीधर हर्डीकरांनी हे जाहीर केलं आणि त्यांच्या पत्नी नीलाताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. कारण मागे घरात मिक्सर घ्यायचा होता, तेव्हाही हे असंच म्हणाले होते. त्यानंतर दोन दिवाळ्या चटणी पाट्यावर वाटली गेली होती.

पण या वेळी थांबायला वेळ नव्हता. दिल्लीत आर. के. पुरममधल्या त्यांच्या तळमजल्याच्या सरकारी क्वार्टरपुढे नीलाताईंनी लावलेली बाग सगळ्या कॉलनीत प्रसिद्ध होती. फेब्रुवारी लागला की पॅन्झी, पिटुनिया, डेलिया असे काही फुलत की रस्त्याने जाणारे स्कूटर हळू करत. कॉलनीच्या बाग-स्पर्धेत त्यांचा नंबर दरवर्षी ठरलेला. दुसरा! पहिला समोरच्या ब्लॉकमधल्या मिसेस माथुर यांचा. यंदा मुरलीधर रिटायर होणार, मेमध्ये क्वार्टर सोडायचं, म्हणजे पहिल्या नंबरासाठी ही शेवटची संधी. परीक्षक रविवारी सकाळी येणार होते. बाग तयार होती. फक्त फाटकाजवळ बोगनवेलीच्या आणि कडुनिंबाच्या छाटलेल्या फांद्यांचा ढीग पडला होता, तेवढा हलवायचा होता. जाळायची सोय नाही, दिल्लीच्या हवेत धुराची रेघ दिसली की दंड. कचऱ्याची गाडी फांद्यांकडे बघतसुद्धा नाही.

"बाबा, श्रेडर ऑनलाइन मागवून टाका ना यार," त्यांची मुलगी सुखदा म्हणाली. "रिव्ह्यूज पण अच्छे आहेत. परसों घरी येईल."

"रिव्ह्यू म्हणजे ऐकीव माहिती! मी तीन विक्रेत्यांना बोलावतो. तिघांनी इथं येऊन यंत्र चालवून दाखवायचं. मग तुलना, मग निर्णय. आणि बाऊ कसला करता? आपल्याकडची कडबाकुट्टीच ती."

"कडबाकुट्टी? वो क्या होता है?"

"म्हशींचा मिक्सर!" नीलाताई म्हणाल्या. मिक्सर हा शब्द त्यांनी जरा जोरातच उच्चारला.

सोमवारी पहिला विक्रेता आला. पहाडगंजच्या घाऊक बाजारातला. त्याचं यंत्र विजेवर चालणारं, लहानसं, चुणचुणीत. काटक्या घातल्या की खालून भुसा! बघता बघता निम्मा ढीग संपला. नीलाताईंनी मनातल्या मनात त्याला औक्षण केलं.

"भाभीजी, बाकी भी निपटा दूँ? दस मिनट का काम है!"

"हां, हां, भैया!" नीलाताई म्हणाल्या.

"बिल्कुल नहीं!" मुरलीधर आडवे आले. "बस करो! बाकी का दूसरेवाले के लिए है!"

विक्रेता यंत्र बंद करून त्यांच्याकडे बघत राहिला. आजवर फुकट काम केलं म्हणून त्याला कुणी रागावलं नव्हतं.

बुधवारी दुसरा आला. याचं यंत्र पेट्रोलचं. सुरू केल्याबरोबर वरच्या मजल्यावरची कबुतरं जी उडाली ती पलीकडच्या मुनिरका वस्तीपर्यंत गेली असावीत. पण कामाला वाघ! मनगटाएवढ्या फांद्या मुळ्यासारख्या खाल्ल्या त्यानं. मुरलीधर फांद्यांची जाडी न्याहाळण्यात गुंगले होते, तेवढ्यात त्यानं उरलेला सगळा ढीग संपवून टाकला. फाटकाजवळची जागा मोकळी झाली. नीलाताईंनी ती झाडली, पाणी मारलं, दोन कुंड्या नेऊन ठेवल्या आणि घरात येऊन शिरा केला.

मुरलीधरांना मात्र शिरा गोड लागेना.

"आता तिसऱ्याचं काय?" ते म्हणाले.

"कसलं तिसऱ्याचं? ढीग संपला!"

"तोच तर घोटाळा झाला! नजफगढचा चौधरी शनिवारी यंत्र घेऊन येतोय. त्याला द्यायला घरात काडी नाही. दोघांना माल दिला आणि तिसऱ्याला नाही, म्हणजे सरळ पक्षपात! उद्या तो विचारेल, मला समान संधी का नाही?"

"अहो, तो कशाला विचारतोय! त्याला फोन करून सांगा, येऊ नको म्हणून."

"बोलावलेल्याला परत पाठवायचं? माझ्या सगळ्या नोकरीत असं झालेलं नाही, नीला! आणि निवृत्तीच्या तोंडावर तर नाहीच नाही!"

नीलाताईंनी कपाळाला हात लावला. तो हात तिथून निघायच्या आत मुरलीधरांनी कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाकला होता. बागेतला कचरा असल्यास आमच्याकडे आणून द्यावा, यंत्राच्या चाचणीसाठी हवा आहे.

त्यांची अपेक्षा पाटीभर पाल्याची होती. पण सगळी कॉलनी थंडीभर छाटलेल्या फांद्या घराघरात दडवून बसली होती! गुरुवारी सकाळपासून रीघ लागली. कुणी अशोकाच्या फांद्या आणल्या, कुणी वाळलेली तुळस. कुणी झावळ्या आणल्या, दिल्लीत कुठून आणल्या देव जाणे. शुक्रवारी तर मोडकी वेताची खुर्ची आणि कापूस निघालेली गादीही आली.

"अहो, गादी बागेत उगवते का?" नीलाताई ओरडल्या.

"कापूस वनस्पतीच आहे," मुरलीधर म्हणाले, पण आवाज थोडा पडला होता.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत झाली. ढीग फाटकावरून सरकत पॅन्झीवर आला, पॅन्झीवरून पिटुनियावर. डेलिया उंच म्हणून तेवढे माना वर काढून उभे होते. शुक्रवारी संध्याकाळी मिसेस माथुर स्वतः आल्या. मागे त्यांचा माळी, आणि माळ्यापुढे काठोकाठ भरलेली हातगाडी.

"भाईसाहब, आपने तो हमारी मुश्किल आसान कर दी! परसों जज आ रहे हैं और मेरे यहाँ इतना कूड़ा पड़ा था!"

"अरे, आपका ही घर है, भाभीजी!" असं म्हणून मुरलीधरांनी हातगाडीला स्वतः हात लावला. त्या हातगाडीनं डेलियाही गेले.

शनिवारी दुपारी नजफगढहून फोन आला. "साब, ट्रॉली का एक्सल टूट गया. सोमवार को पक्का!"

मुरलीधरांनी धडपडून पहिल्याला फोन लावला. तो म्हणाला, "साब, डेमो एक ही बार होता है." दुसऱ्याचं यंत्र विकलं गेलं होतं. भाड्यानं द्याल का, असं पहिल्याला विचारलं तर तो नाही म्हणाला, आणि विकत घ्यायचं तर तुलना अजून पुरी झाली नव्हती. सुखदानं ऑनलाइन पाहिलं. यंत्र येणार होतं, मंगळवारी.

"मी म्हटलं तेव्हाच मागवलं असतं ना बाबा, तर..." बाबांचं तोंड बघून तिला कीव आली.

रविवारी परीक्षक आले. तिघं होते. फाटक अर्धंच उघडलं, म्हणून आडवे होऊन आत शिरले. समोर डोंगर! शिखरावर गादी.

"गार्डन किधर है जी?" मुख्य परीक्षकांनी विचारलं.

नीलाताई पुढे झाल्या. त्यांनी दोन्ही हातांनी अशोकाची एक फांदी उचलून धरली. खाली चेपलेली एक जांभळी पॅन्झी दिसली. परीक्षकांनी वाकून ती पाहिली, "व्हेरी नाइस" म्हटलं आणि आले तसे आडवे होऊन बाहेर गेले.

संध्याकाळच्या बक्षीस समारंभात पहिला नंबर मिसेस माथुर यांना मिळाला. त्यांच्या बागेत औषधालाही वाळकं पान सापडलं नाही, असा परीक्षकांनी खास उल्लेख केला. टाळ्या पडल्या. मुरलीधरांनीही सवयीनं चार वाजवल्या, मग शेजारी कोण बसलंय ते आठवून हात मांडीखाली घेतले. यंदा दुसरा नंबरही दुसऱ्याच कुणाचा होता.

घरी आल्यावर नीलाताई व्हरांड्याच्या पायरीवर बसून चपलेत अडकलेल्या काटक्या काढू लागल्या. त्या भांडल्या असत्या तर मुरलीधरांना बरं वाटलं असतं. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. आपल्या परीनं भरपाई करावी म्हणून ते घसा खाकरून म्हणाले, "नीला, माझा निर्णय झालाय. तिसऱ्याची वाट बघत नाही. ते पेट्रोलचं यंत्र उत्तम. तसलंच उद्या विकत आणतो!"

नीलाताईंनी मान वर केली.

"आणि मेमध्ये ते ठेवायचं कुठे? ग्रेटर नोएडाचा आपला फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. बाल्कनीत दोन कुंड्या मावतात."

मुरलीधर म्हणजे ऑफिसात कुणी खुर्ची मागितली तरी 'आधी गरज काय ते सांगा' असं विचारणारा माणूस. पण या वेळी तो प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता. शेवटी ते उठले, आतून कोयता घेऊन आले आणि ढिगाच्या कडेला बसून पहिली फांदी तोडू लागले.

"सावकाश होऊ द्या," नीलाताई आत जाता जाता म्हणाल्या. "क्वार्टर मेअखेरपर्यंत आपलंच आहे."