मेश्राम सिस्टरचा फोन

मेश्राम सिस्टर टेलिफोनची नाडी पाहायच्या. अगदी खरोखर. डाव्या हाताने रिसीव्हर कानाला लावायचा, उजव्या मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरायचं आणि पूर्ण एक मिनिट टोन ऐकायचा. मग रिसीव्हर स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा आणि भिंतीवरच्या चार्टवर नोंद करायची: ‘सकाळी सात. टोन साफ. घरघर नाही.’ चार्ट दवाखान्यातलाच, पलंगाला लटकवतात तो. पेशंटच्या नावापुढे ‘टेलिफोन’ लिहिलेलं आणि वयापुढे ‘दीड वर्ष’.

लग्न होऊन मी इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आले, तेव्हा ऐंशीचं साल नुकतंच मागे पडलं होतं. सिस्टर बाळंतपणाच्या वॉर्डात बत्तीस वर्षं नोकरी करून रिटायर झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. भाऊ-भावजय कन्हानला, सणासुदीला यायचे. फोनचा अर्ज त्यांनी नोकरीत असतानाच केला होता. अडलेली बाई आली तर वॉर्डातून घरी बोलावणं यावं म्हणून. फोन लागला तो आठ वर्षांनी, त्या रिटायर झाल्यावर तिसऱ्या महिन्यात.

“दिवस भरून गेल्यावर आला बाप्पा,” त्या म्हणायच्या.

सगळ्या गल्लीत तो एकच फोन. कोणाचा जावई, कोणाचा दीर, कोणाच्या नोकरीचा निरोप. सिस्टर फाटकाशी जाऊन मोठ्याने हाक मारत. माणूस येऊन बोलू लागला की त्या स्वयंपाकघरात जाऊन पाठ करून उभ्या राहत. बोलणाऱ्याचा आवाज भरून आला तर पाण्याचा पेला आणून शेजारी ठेवत, पण काय झालं ते कधी विचारत नसत.

अडचण एकच होती. फोन सारखा आजारी पडायचा. आठवड्यातून एकदोनदा तरी दुपारी टोन गायब. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी लाइनमन वासुदेव यायचा, सायकल भिंतीला टेकवून रिसीव्हर उचलायचा, आणि टोन खणखणीत.

“बाई, लाइन तं ठीक आहे ना.”

“तू आला का ठीक होते. काल दिवसभर मेली होती.”

“मग मी काय करू? इथंच राहू काय?”

“राहा ना. पलंग टाकून देते तुले.”

वासुदेव वैतागून कधी खारीवर, कधी उन्हावर, कधी जुन्या दोरीवर दोष टाकायचा. सिस्टरांचं उत्तर ठरलेलं: “आधी पाहू, मग बोलू.” एकदा त्याने रिसीव्हरची दोरी आणि भिंतीवरचं खोकं एकदमच बदलायला काढलं, तर त्यांनी त्याचा हातच धरला. “एका वेळी एक औषध! दोन दिली तं गुण कोणाचा आला, कसं समजन?” बिचाऱ्याने आधी दोरी बदलली आणि खोक्यासाठी पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. गुण कशाचाच आला नाही. सिस्टर छत्री घेऊन खांबापर्यंत तारेखालून चालत गेल्या. छत्रीच्या टोकाने फांद्या हलवून पाहिल्या. गल्लीतले लोक हसायचे, पण तोंडावर नाही. अर्ध्या गल्लीचा जन्म त्यांच्या हातचा होता.

मग त्यांनी मला कामाला लावलं. मी सदर भागातल्या एका विम्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते आणि माझ्या टेबलाजवळच फोन होता.

“तू मले रोज तीन वाजता फोन लावत जा वं. टोन असते, पण बाहेरून येते का नाही, ते कसं पाहू मी?”

मी रोज तीनला फोन लावू लागले. लाइन जिवंत असली की पहिली घंटी पुरी व्हायच्या आत उचलला जायचा. “चालू आहे,” एवढंच म्हणून त्या ठेवायच्या. आठवडाभराने “चालू आहे. डब्यात काय होतं?” झालं. मग आलूची भाजी ऐकून त्यांनी फल्लीची, म्हणजे शेंगदाण्याची, चटणी कशी करायची ते सांगितलं. मग माझा आवाज बसलेला का आहे, रात्री खोकले होते ते त्यांनी ऐकलं होतं, आल्याचा रस घे. हेडक्लार्क चष्म्यावरून माझ्याकडे बघायचा. मी त्याला सांगायचे, “लाइन चेक करून राहिली आहे, साहेब.”

महिन्याभराने एका संध्याकाळी सिस्टरांनी मला खाली बोलावलं. चार्ट काढून माझ्यापुढे ठेवला.

“पाहा. रविवार, बुधवार. रविवार, बुधवार. या दोन वारी तू काय करते?”

“मी? काहीच नाही. कपडे धुते.”

“बारीक का मोठे?”

“चादरी, पँटी... मोठे.”

“आणि वाळू कुठं घालते?”

आम्ही दोघी गच्चीवर गेलो. माझ्या कपड्यांच्या दोरीचं एक टोक मी आल्या दिवशी ज्या लोखंडी खुंटीला बांधलं होतं, तिच्यावरूनच फोनची तार घरात उतरत होती. ओल्या चादरींच्या वजनाने खुंटी वाकायची, तारेचा जोड सुटायचा. संध्याकाळी मी चादरी काढल्या की खुंटी सरळ, जोड जागेवर. वासुदेव यायचा दुसऱ्या दिवशी.

मी शरमेने लाल झाले. सिस्टर मात्र गच्चीवरच्या टाकीला टेकून हसत सुटल्या. इतकं हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. दोरी दुसरीकडे गेली, वासुदेवने जोड पक्का केला, सिस्टरांनी त्याला कोथिंबिरीची सांबारवडी खाऊ घातली. फोन बरा झाला.

आणि मी तीनचा फोन बंद केला. कारणच उरलं नव्हतं. खरं सांगायचं तर हेडक्लार्कच्या नजरेतून सुटले म्हणून बरंही वाटलं.

दोन आठवड्यांनी सिस्टर जिना चढून वर आल्या. गुडघ्यामुळे त्या सहसा चढत नसत.

“फोन गेला वं पुन्हा.”

मी खाली जाऊन रिसीव्हर उचलला. टोन स्वच्छ येत होता. मी त्यांच्याकडे पाहिलं.

“टोन आहे,” त्या म्हणाल्या. “मले माहीत आहे. पण दुपारी वाजून नाही राहिला.”

“असं कसं? सकाळीच तर शेजारच्या काकूंच्या मुलीचा आला होता.”

“तो त्यांचा.”

त्या बोळा घेऊन पुसलेलाच रिसीव्हर पुन्हा पुसू लागल्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “वॉर्डात बत्तीस वर्षं माह्याच नावानं ओरडत सारे. सिस्टर इकडे या, सिस्टर तिकडे या. वैताग येत होता मले. आता दिवसातून चार खेपा उचलते, आणि जो तो दुसऱ्यालेच मागते.”

मी म्हणाले, “घंटीत दोष असेल. उद्या तीनला लावून पाहते.”

“तुले काम नसन तं,” त्या म्हणाल्या आणि घाईघाईने आत गेल्या.

तो दोष पुढे दोन वर्षं सापडला नाही. हेडक्लार्कनेही बघणं सोडून दिलं. मग माझ्या नवऱ्याची बदली चंद्रपूरला झाली. तिथून रोज फोन करणं शक्यच नव्हतं. ट्रंककॉल लावायचा तर आधी नोंदवून तासन्‌तास बसावं लागे. सामान लावून झाल्यावर पहिल्याच रविवारी मी तार ऑफिसात जाऊन कॉल नोंदवला. दीड तास बाकावर बसले. शेवटी ऑपरेटर म्हणाला, “बोला.”

तारेत खरखर होती. पलीकडून सिस्टरांचा आवाज आला, कामाचा, घाईचा: “चंद्रपूर ना? थांबा, ठेवू नका. कोणाले बोलावू?”

“कोणालाच नाही,” मी ओरडले. “तुमच्याशीच बोलायचंय, सिस्टर.”

लाइन तुटली असं समजून मी दोनदा हॅलो म्हणाले.

“आहे, आहे,” त्या म्हणाल्या. “खुर्ची घेऊन राहिली होती. हं, आता सांग.”