सात आणि एक

ऑगस्टचा तिसरा शनिवार, फ्रिजवरच्या कॅलेंडरात लाल पेनाने गोल केलेला.

पीठ चिकटलेला, स्वयंपाकघरातला वजनकाटा.

धातूवर कोरायचं विजेचं पेन, नवंकोरं.

"कारखान्यातून निघाल्यापासून ह्या इंजिनाला कोणाचा हात लागलेला नाही."

हे वाक्य क्लेटन हार्गिसचं. अमेरिकेतल्या फ्लिंट ह्या मोटारींच्या गावात ज्या खाणावळीत तो रोज सकाळी अंडी आणि बेकन खातो, तिथल्या वाढणाऱ्या बाईलाही ते पाठ होतं. कोणाचा म्हणजे बायकोचासुद्धा. लुएलाने एकतीस वर्षं कारखान्यात इंजिनांत पिस्टन बसवले, पण नवऱ्याच्या एकोणसत्तर सालच्या गाडीत तिची जागा कायम उजवीकडची. स्टिअरिंग डावीकडे.

मे महिन्यात गाडी निळा धूर ओकायला लागली. ऑगस्टमधल्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीआधी काम करून द्यायला बाहेर कोणी तयार होईना. लुएला म्हणाली, इंजिन मी बांधते, आणि ते नीट चाललं तर मिरवणुकीत गाडी मी चालवणार. क्लेटनने दोन दिवस कंबर दुखत असल्याचं सांगून पाहिलं, मग कबूल झाला. अट एकच : पिस्टन तो निवडणार.

पिस्टन निवडणं म्हणजे खाणावळीतल्या टेबलाचं काम. बक नावाच्या त्याच्या दोस्ताचं म्हणणं, घडीव घे, ओतीव काय घेतोस, शिवणयंत्र आहे का ते? दुसऱ्याने उंच टाळूचे, म्हणजे माथा फुगीर असलेले सुचवले. ताकद दुप्पट, फक्त पंपावरचं पेट्रोल चालणार नाही. तीन सकाळी आणि बरीच कॉफी खर्ची पडल्यावर क्लेटनने ओतीव, सपाट टाळूचे, तीसचे मागवले. तीस म्हणजे मूळ मापापेक्षा इंचाच्या तीस हजारांशाने मोठे. सिलिंडर झिजला की तो आतून तेवढा कातून, म्हणजे बोअर करून, मोठा पिस्टन बसवायचा.

"आधी ब्लॉक मोजून घे," लुएला म्हणाली. "मग पिस्टन."

"काय मोजायचंय? कारखान्यातून निघाल्यापासून..."

"बरं."

खोकं आलं त्याच दुपारी क्लेटनने बायकोला मदत म्हणून आठही पिस्टनवर सिलिंडरचे नंबर कोरले. आता ते परत कोणी घेणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ब्लॉक बोअर करणाऱ्या एमिलचा फोन आला. सात सिलिंडर तीसमध्ये साफ होतील, तो म्हणाला, पण आठवा आधीच एकदा तीसला बोअर झालाय. आता चाळीसला न्यावा लागेल. आणि ज्याने केलाय त्याने फार सुबक केलाय.

क्लेटनने आधी एमिलच्या मापयंत्राला नावं ठेवली. मग स्वतः जाऊन तीनदा मोजलं. परत येताना त्याने ठरवून टाकलं की हे कारखान्यातच झालं असणार, एखाद्या आळसावलेल्या सोमवारी.

एमिलचा सल्ला सरळ होता : आठही चाळीसला न्या. पण चाळीसचा संच सप्टेंबरशिवाय मिळत नव्हता. सुटा एक पिस्टन मात्र मिळत होता.

"मग सात आणि एक," लुएला म्हणाली.

खाणावळीतल्या टेबलावर हसू फुटलं. बकने जाहीर केलं की गाडी बूट घालून धुवायला टाकलेल्या वॉशिंग मशीनसारखी नाचेल. क्लेटन घरी आला तो तोंड पाडून.

"लोक काय म्हणतील, लू? सप्टेंबरपर्यंत थांब."

"नाही थांबणार."

"हे चालेल कशावरून?"

"मला माहीत आहे."

"आणि थरथरलं तर?"

"तर मरेपर्यंत उजवीकडे बसेन. तोंडातून शब्द काढणार नाही."

ही दुसरी गोष्ट क्लेटनला अशक्य वाटली, पण मोहात पाडणारी होती. त्याने मान डोलावली.

मोठा पिस्टन अकरा ग्रॅम जड भरला. लुएलाने वजनकाटा गॅरेजात नेला आणि पिस्टनच्या आतून धातू घासत, तोलत, पुन्हा घासत तो बाकीच्या सातांच्या बरोबरीला आणला. त्या आठवड्यात क्लेटनला घरची बिस्किटं मिळाली नाहीत.

शुक्रवारी इंजिन सुरू झालं. बॉनेटखाली चार म्हातारी डोकी वाकली. लुएलाने इंजिनावर काठोकाठ भरलेला कॉफीचा कप ठेवला. कॉफीवर तरंग उठला नाही. बक म्हणाला, मला ऐकू येतोय, वेगळा पिस्टन तीन नंबरचा. दुसऱ्याला सहाचा ऐकू येत होता. लुएलाने कप उचलून कॉफी पिऊन टाकली.

शनिवारी सॅगिनॉ रस्त्याच्या विटांच्या फरसबंदीवरून गाडी निघाली तेव्हा क्लेटन उजवीकडे बसला होता आणि त्याला त्या बाजूच्या सीटचा पट्टा सापडत नव्हता. लुएलाने एक कोपर खिडकीबाहेर काढलं आणि पुढचे चार मैल कोणालाच वाट दिली नाही.

सोमवारी खाणावळीत नवं वाक्य ऐकू आलं. "सात आणि एक. आमच्याकडे असंच बसवतात." बकने एमिलला फोन करून स्वतःच्या धडधाकट इंजिनासाठी एक मोठा पिस्टन मिळेल का, म्हणून विचारलं.

फार पूर्वी, १९८७च्या नोव्हेंबरात, क्लेटन नऊ दिवस हरणांच्या शिकारीला गेला होता आणि लुएला घरी होती. तेवढ्यात गाडी एकशे ब्याण्णव मैल चालली आणि इंजिन एकदा उघडलं गेलं, आठव्या सिलिंडरपुरतं.