थोरल्या घंटेची शर्यत

आपल्या नवऱ्याला, याखेनला, पुढच्या वर्षापासून गावच्या शर्यतीत धावणाऱ्यांऐवजी चालणाऱ्यांत घालणार, ही बातमी मेंजाला तिच्या सख्ख्या भावाने, तिच्याच स्वयंपाकघरात बसून, तिच्याच हातचा अक्रोडाचा केक खाता खाता दिली.

"नियमच झालाय ताई," नुओट बोटं चाटत म्हणाला. "साठीच्या पुढचा जो कुणी चर्चची घंटा वाजायच्या आत परत येणार नाही, तो पुढच्या वर्षीपासून चालणाऱ्यांत. दोन काठ्या, पिवळी टोपी आणि तळ्याकाठी बसून जवाचं सूप."

"आणि हा नियम केला कुणी?"

"समितीने."

"समिती म्हणजे तूच ना! बाकीचे दोघे तू खोकलास तरी हात वर करतात. आणि तू कोण रे, कोवळा पोर? तुझीही साठी उलटलीच की."

"मी आरामात पोचतो गं. दाजींचं तू बघ," असं म्हणून नुओटने केकचा आणखी एक तुकडा उचलला.

प्राझोलच्या शर्यतीत पहिला कोण येतो याच्याशी प्राझोल या डोंगरगावाला काही देणंघेणं नसतं. पहिला येणारा कुठून तरी बाहेरून येतो, लार्चच्या जंगलातून हरणासारखा चढतो, दोन्ही तळ्यांना वळसा घालतो, कुरणावरून माथा गाठून पुन्हा जंगलातून खाली उतरतो आणि आंघोळ करून गाडीत बसून निघूनही जातो. गावाला रस असतो तो आपल्यातला शेवटचा कोण, यात. आणि गेली तीन वर्षं तो मान याखेनकडे होता. पोस्टाची बस चालवून निवृत्त झालेला हा भला माणूस पहिल्या शर्यतीपासून एकदाही चुकला नव्हता. पण बस चालवताना तो जसा प्रत्येक वळणावर थांबून समोरच्याला वाट द्यायचा, तसाच तो धावायचाही.

मेंजाने त्याच दिवशी बेकरीत, दूधडेअरीत आणि चर्चच्या गाण्याच्या तालमीला जाहीर करून टाकलं, की याखेन यंदा घंटेच्या आत येणार म्हणजे येणार. घरी आल्यावर तिने हे याखेनलाही सांगितलं.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग काही बोल की!"

"सगळ्या गावाला सांगून झाल्यावर आता मी काय बोलणार?" याखेन म्हणाला आणि बुटाची नाडी सोडायला वाकला.

शर्यतीच्या दिवशी सगळं गाव वाटेच्या कडेला घंटा हलवत उभं असतं. तळहाताएवढ्या, लाल पट्ट्याच्या, दुकानात पाहुण्यांसाठी टांगलेल्या घंटा. मेंजाला त्यांचा मनस्वी राग. "असल्या घंटेने मांजर तरी वळून बघेल का?" असं म्हणत तिने स्टूल घेतलं आणि वर चढून तुळईवरची थोरली घंटा खाली काढली.

ही घंटा म्हणजे त्यांच्या ब्रूनाची. ब्रूना कळपातली म्होरकी गाय. सप्टेंबरअखेर वरच्या कुरणावरून सगळ्या गायी घरी परततात, त्या दिवशी ही घंटा तिच्या गळ्यात पडते आणि तिच्या आवाजामागे अख्खा कळप गावात उतरतो. एरवी वर्षभर तिला कुणी हात लावत नाही. मेंजा स्वतः गुराख्याची लेक. तिला हे दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. पण त्या सकाळी तिच्या डोक्यात गायी नव्हत्या, नवरा होता. त्यातून शिखरावर आदल्या रात्री बर्फ पडल्यामुळे गुराख्याने कळप तळ्यांजवळच्या खालच्या कुरणावर आणलाय, हे तिला ठाऊकच नव्हतं. ती ते धूड पाठीवर बांधून, दोनदा बसून, चारदा भावाच्या नावाने बोटं मोडून, चढाच्या माथ्यावर जाऊन उभी राहिली.

सगळे धावणारे पुढे गेले. सर्वांत मागून नुओट आला. वाटेत भेटेल त्याला तो समितीचं काम सांगत आला होता, म्हणून त्याला उशीर झाला होता. "दाजी मागे दगडावर बसलेत!" तो ओरडला आणि हसत हसत उतारावरच्या जंगलात शिरला.

मेंजाने वाकून पाहिलं. खरंच की! याखेन तळ्याकाठच्या दगडावर पाय सोडून बसला होता आणि पाण्याकडे बघत होता.

"अरे ऊठ! ऊठ म्हणते ना!"

याखेनने हात हलवला. लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा हलवला. मग मात्र मेंजाचा पारा चढला. तिने दोन्ही हातांनी थोरली घंटा उचलली आणि अंगात होता नव्हता तो जोर लावून वाजवली.

तो आवाज दोन्ही तळ्यांवरून गेला आणि कड्यावर आपटून परत आला. कुरणावरच्या गायींनी माना वर केल्या. गोठा, सुकं गवत, घर! ब्रूनाने एकदाच हंबरून पाऊल उचललं आणि तिच्यामागे सगळा कळप निघाला. गुराखी पहाटेचं दूध काढून गाढ झोपला होता. मेंजाला वाटलं, आपल्या घंटेने याखेनच्या अंगात वारं शिरलं, कारण तो एकदम उठून पळत सुटला होता. मग तिला त्याच्या मागचं दृश्य दिसलं.

"घंटा दे इकडे!" याखेन धापा टाकत वर पोचला. "आता थांबणार नाहीत त्या! पुढे माणूस नसला तर सगळ्यांच्या बागा तुडवतील. आणि खाली मांडवात केक मांडलेत!"

"अरे देवा! माझा केकही तिथंच आहे!"

घंटा गळ्यात अडकवून याखेन उताराला लागला. तो पळाला की घंटा वाजायची, घंटा वाजली की गायींचा जोर वाढायचा, गायींचा जोर वाढला की याखेनला आणखी पळावं लागायचं. तीन वर्षांत कुणी पाहिला नव्हता असला वेग त्याने त्या जंगलात दाखवला.

अर्ध्या उतारावर नुओटने मागे वळून पाहिलं. "दाजी? तुम्ही?"

"बाजूला हो!"

"अहो पण शर्यत..."

"गायी आल्यात मागून, बाजूला हो!"

नुओट झाडाला चिकटला. घरी निघालेल्या कळपाला ओलांडून प्राझोलमध्ये कुणी पुढे जात नाही. गेला तर हिवाळाभर दूध नासतं, असं म्हातारे सांगतात, आणि तरुण हसतात पण पाळतात. त्यामुळे शर्यतीचा अध्यक्ष गायींच्या शेपट्यांमागून, त्यांनी वाटेत जे जे टाकलं ते चुकवत आणि पुष्कळदा न चुकवत, खाली येऊ लागला. मागून आलेली मेंजा त्याच्याही पुढे निघाली.

"दाजींना थांबव गं ताई! माझा वेळ जातोय!"

"तूच थांबव की. अध्यक्ष आहेस ना!"

इकडे चर्चचा घंटावाला पाइडर जेवणाआधीची डुलकी घेत होता. त्याच्या कानावर थोरली घंटा पडली. गायी घरी येतात तेव्हा त्यांच्या स्वागताला चर्चची घंटा वाजवायची, हे त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं. आज कुठली तारीख आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो उठला, दोरीला लोंबकळला आणि दुपारचे बारा वाजायला बराच अवकाश असताना, एरवी बाराला वाजणारी चर्चची घंटा दणाणून वाजू लागली.

शेवटच्या रेषेवर आइताबाई बसल्या होत्या. अख्ख्या गावाला लिहायला-वाचायला शिकवलेल्या या बाईंनी आयुष्यात एकदाही कुणाला अर्धा गुण जास्त दिला नव्हता. घंटा वाजताच त्यांनी वेळ संपल्याची दोरी रेषेवर आडवी बांधून टाकली. याखेन तेव्हा अजून गावाबाहेरच्या पुलावर होता.

तो आला, गायींना चौकातल्या हौदाकडे वळवलं आणि घंटा खाली ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी वाईनचा पेला पुढे केला. मेंजाने दोरी पाहिली आणि तिचे डोळे भरून आले. एवढा धावला बिचारा आणि आपल्याच घंटेने त्याचा घात केला!

नुओट शेवटी आला. गुडघ्यापर्यंत तो कुठल्या रंगाचा होता हे न सांगितलेलं बरं. "ही घंटा धरायची नाही!" तो ओरडला. "बारा कुठे वाजलेत? बाई, घड्याळ बघा!"

"नियम काय आहे नुओट?" आइताबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"घंटा वाजायच्या आत..."

"बारा वाजायच्या आत, असं म्हटलंय का कुठे?"

"नाही, पण अर्थ तोच ना!"

"मग तसं लिहायचं होतंस. शाळेतही तुझं हेच व्हायचं. पुढच्या वर्षी तू आणि याखेन, दोघेही चालणाऱ्यांत."

"मी अध्यक्ष आहे! आत्ताच्या आत्ता नियम रद्द करतो!"

"तो हिवाळ्याच्या सभेतच बदलता येतो. हाही तुझाच नियम."

सगळा चौक हसला. बाकीच्या दोन्ही समितीवाल्यांनी सवयीने हात वर केले, पण कशासाठी ते त्यांनाही कळेना.

घरी जाताना मेंजा रडकुंडीला आली होती. "माझ्यामुळे झालं रे. पाइडरला उठवलं मी. तू पोचला असतास."

"पोचलो असतो खरा," याखेन म्हणाला. "त्याचीच तर धास्ती बसली होती."

"म्हणजे?"

"अगं, मी दगडावर उगाच नव्हतो बसलो. बारा वाजायची वाट बघत होतो. गुडघे दुखतात मेंजा. तीन वर्षं झाली, मला चालणाऱ्यांतच जायचंय. एवढ्या वर्षांत ते तळं मी कधी धड बघितलंसुद्धा नव्हतं."

मेंजा रस्त्यातच थांबली. "आणि हे मला सांगायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

"तू गाण्याच्या तालमीतसुद्धा सांगून आली होतीस." तो जरा घुटमळला. "मी आइताबाईंकडे तुझंही नाव दिलंय. दरवर्षी तू माथ्यावर उभी असतेस आणि मी धापा टाकत समोरून निघून जातो. एकदा तरी बरोबर जाऊ म्हटलं. सूपही आहे."

मेंजा पुन्हा चालू लागली. तिला मनापासून बरं वाटलं होतं आणि ते त्याला इतक्यात कळू द्यायचं नव्हतं. दारापाशी आल्यावर तिने विचारलं, "आणि नुओट?"

"तोही चालणाऱ्यांतच की आता."

"अस्सं," मेंजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडत होतं तेव्हा याखेनच्या अंगावरची रजई कुणीतरी ओढली. मेंजा दोन्ही हातांत काठ्या घेऊन, बूट घालून पलंगाशी उभी होती.

"ऊठ," ती म्हणाली. "चालण्यात तरी त्याला मागे टाकायचं."