तिसऱ्या ओळीचा दात

गाण्यावरच्या वादात दातांचे डॉक्टर आजवर कधी हरले नव्हते. याचं श्रेय ते आपल्या दांडग्या व्यासंगाला देत. खरं कारण एवढंच होतं, की त्यांच्याशी वाद घालणाऱ्याच्या तोंडात त्या वेळी कापसाचे बोळे, छोटा आरसा आणि डॉक्टरांची दोन बोटं असत.

“गुरुजींसारखा गळा पुन्हा होणे नाही,” डॉक्टर वाकून म्हणत. “पटतंय ना?”

“अं,” पेशंट म्हणे.

“नाहीतर तो दुसरा. राजा म्हणे! कसला राजा? नुसता भोंगा. टेम्पो मागे घेताना वाजतो तसला. खोटं बोलतोय का मी?”

“अं अं.”

“बघा! तुमच्यासारखी जाणकार माणसं आहेत म्हणून गाणं शिल्लक आहे. गुळणी करा.”

पेशंट गुळणी करेपर्यंत डॉक्टर पुढच्या मुद्द्याची तयारी करत. अशा रीतीने वर्षानुवर्षं एकमताने ठराव पास होत आले होते आणि डॉक्टरांची पक्की समजूत झाली होती, की सगळी वस्ती गुरुजींची भक्त आहे.

हे गुरुजी म्हणजे एकेकाळचे नावाजलेले भावगीतगायक. गाण्यात येण्याआधी शाळेत शिकवायचे, म्हणून चाहते त्यांना गुरुजी म्हणत. डॉक्टरांच्या दवाखान्यात सकाळी दार उघडल्यापासून ते बंद होईपर्यंत फक्त त्यांचीच गाणी लागत. त्यातही शिस्त होती. दात साफ करायला गुरुजींची संथ आलापी, दाढ कोरायला विरहगीतं आणि दात उपटायचा असला की नावेचं गाणं. त्या गाण्याच्या तिसऱ्या ओळीला गुरुजी एकदम वरच्या पट्टीत झेप घेत. डॉक्टर पकड घट्ट धरून नेमकी त्या झेपेची वाट बघत आणि ती आली की हिसका देत. पेशंटची किंकाळी गुरुजींच्या तानेत विरघळून जाई आणि बाहेर बाकावर बसलेल्यांना वाटे, आत काय सुंदर मैफल चालली आहे. निदान डॉक्टरांना तरी वाटे, की त्यांना तसं वाटतं.

या एकमताला गालबोट होतं ते शेजारच्या केमिस्टचं. हा गृहस्थ राजाचा कट्टर चाहता. आपल्या औषधाच्या दुकानात तो दिवसभर राजाची उडती गाणी लावी. दुर्दैवाने त्याच्या तोंडात एकही किडका दात नव्हता, त्यामुळे त्याला गप्प करायची काहीच सोय डॉक्टरांकडे नव्हती.

“तुमच्या गुरुजींची एक ओळ संपेस्तोवर माझ्या गिऱ्हाइकाची गोळी विरघळते हो,” केमिस्ट म्हणे.

“आणि तुमच्या राजाची ओळ सुरू झाली की माणूस गोळी घ्यायला धावतो,” डॉक्टर म्हणत. “धंद्याला बरा आहे तो तुमच्या.”

“लोकांना कोण आवडतो ते विचारा एकदा.”

“रोज विचारतो. सगळे हो म्हणतात.”

“तोंड मिटलेलं असताना विचारा!”

हा टोमणा मात्र डॉक्टरांना झोंबला. याला कायमचं उत्तर द्यायचं असं त्यांनी ठरवलं आणि थेट गुरुजींनाच फोन लावला. आमच्याकडे या, तुमचा कार्यक्रम करू, असं त्यांनी कळवळून सांगितलं.

“डॉक्टर,” गुरुजी म्हणाले, “मागच्या कार्यक्रमाला माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. परत तसलं बघवणार नाही मला. तुम्ही बोलावताय तर येतो. पण हॉल भरला नाही तर मी गाणं ठेवून देणार. कायमचं. चालेल?”

ज्या माणसाच्या आवाजावर आपण उभे राहिलो, त्याचं गाणं आता आपल्या शब्दावर लटकलेलं आहे, हे डॉक्टरांना लख्ख कळलं. “हॉल ओसंडून वाहील गुरुजी,” ते म्हणाले. “शब्द देतो.”

“अहो, पण येणार कोण?” फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं.

“कोण म्हणजे? माझे पेशंट!”

“ते तर खुर्चीवर बसायलाही तीनदा निरोप पाठवल्याशिवाय येत नाहीत.”

डॉक्टरांनी या बोलण्याकडे दुर्लक्ष केलं आणि दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यातच पास वाटायला सुरुवात केली. पेशंटने आ केला, की डॉक्टर विचारत, “रविवारी मोकळे आहात ना?” पेशंट “अं” करे. डॉक्टर त्याच्या खिशात पास सरकवत, सोबत त्याच्या बायकोचाही. बघता बघता सगळे पास संपले.

आणि रविवारी, डॉक्टरांच्या बायकोने तोंडात बोट घालावं, तसा हॉल खरोखर भरला. त्याचं कारण कुणी बोलून दाखवलं नाही, पण ते उघड होतं. कुणाचं रूट कॅनाल अर्धवट होतं, कुणाची कवळी बसायची होती, कुणाच्या अक्कलदाढेचा निकाल लागायचा होता. हातात मशीन घेऊन जो माणूस आपल्यावर वाकणार आहे, त्याला दुखवायची छाती कुणाची होणार? पहिल्या रांगेत शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, त्यांच्या शेजारी निवृत्त फौजदार. केमिस्टही मजा बघायला मागच्या दाराशी उभा होता.

गुरुजी स्टेजवर आले. भरलेला हॉल बघून त्यांचा चेहरा असा उजळला, की डॉक्टरांना विंगेत हुंदकाच फुटायचा बाकी राहिला. गुरुजींनी डोळे मिटले आणि पहिला षड्ज लावला.

सगळ्या हॉलचे हात गालांवर गेले.

पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत एकही हात मांडीवर राहिला नाही. गुरुजींनी आलापी सुरू केली तशा माना हळूहळू मागे रेलल्या. विरहगीत लागलं आणि मुख्याध्यापिकाबाईंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट आवळून, डोळे मिटून तोंड उघडलं. त्यांचं बघून असेल किंवा सवयीने असेल, फौजदारांनीही उघडलं. मग रांगाच्या रांगा आ वासून छताकडे बघू लागल्या.

“बघताय ना?” विंगेतून डॉक्टर बायकोला म्हणाले. “तल्लीन! याला म्हणतात रसिक!”

“अहो, फौजदार थुंकायला जागा शोधतायत,” बायको म्हणाली.

गुरुजींनी डोळे उघडले. इतकी भारावलेली माणसं त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. ते गहिवरले. अशा श्रोत्यांना आपलं सगळ्यात गाजलेलं गाणं द्यायलाच हवं, असं वाटून त्यांनी तबलजीला खूण केली आणि नावेचं गाणं धरलं.

पहिल्या ओळीला हॉल ताठ झाला. दुसऱ्या ओळीला लोकांनी शेजाऱ्याचे हात धरले. त्यात काहींनी अनोळखी माणसांचेही धरले. मुख्याध्यापिकाबाईंनी फौजदारांचं मनगट असं पकडलं, की एरवी त्यावर वस्तीत महिनाभर चर्चा झाली असती. तिसरी ओळ आली. गुरुजींनी छाती भरून श्वास घेतला आणि वरच्या पट्टीत झेप घेतली.

“आई गंऽऽऽ!” सगळा हॉल एका सुरात ओरडला.

गाणं थांबलं. तबला थांबला. मागच्या रांगांनी दाराकडे धाव घेतली आणि तिथे केमिस्ट दिसताच त्याला घेराव घातला. “गोळी आहे का हो खिशात? कुठलीही द्या!” गुरुजी हार्मोनियमवर हात तसाच ठेवून बसून राहिले.

मागच्या खोलीत गुरुजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. डॉक्टर दारात उभे होते. आत जायचा धीर त्यांना होईना.

“रिकाम्या खुर्च्यांना भीत होतो मी,” गुरुजी म्हणाले. “आता भरलेल्यांची भीती वाटायला लागली. इतका वाईट गातो का हो मी?”

“नाही, नाही गुरुजी! यात काहीतरी...”

“गाण्याचा काही दोष नाही,” मागून केमिस्ट म्हणाला. गोळ्या वाटून त्याचे खिसे रिकामे झाले होते आणि गुरुजींचा चेहरा बघून त्याची डॉक्टरांची जिरवायची हौसही ओसरली होती. “दोष यांच्या खुर्चीचा आहे. हे तुमच्या गाण्यावर दात उपटतात. तिसऱ्या ओळीला. कित्येक वर्षं. इथल्या माणसाला तुमचा आवाज आला की दाढ ठणकायला लागते, मग ती दाढ तोंडात असो नसो. तिथून माणूस येतो माझ्याकडे, गोळी घेतो, ठणका थांबतो. माझ्याकडे राजा चालू असतो. म्हणून राजा आवडतो सगळ्यांना. मला आत्ता, गोळ्या वाटताना कळलं हे.”

ज्या गाण्यासाठी जीव टाकला, त्याचा गळा आपणच रोज इमानेइतबारे घोटत होतो, हे डॉक्टरांना कळलं आणि ते ढसाढसा रडू लागले.

गुरुजींमधला शाळामास्तर जागा झाला. “डॉक्टर, रडू नका. माझ्यावर खरंच जीव आहे तुमचा?”

“जिवापाड आहे, गुरुजी.”

“मग उद्यापासून दवाखान्यात त्या राजाची गाणी लावा.”

डॉक्टरांनी सुन्न करायचं इंजेक्शन घेतल्यासारखा चेहरा केला. पण गुरूची आज्ञा ती. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात राजा वाजू लागला. पहिले काही दिवस डॉक्टर स्वतःच्याच कानात कापसाचे बोळे घालून काम करत. मग पेशंटचं म्हणणं ऐकू येईना आणि एकाचा चांगला दात गेला, तेव्हा ते काढावे लागले. डॉक्टर दातओठ खात राजा ऐकू लागले. पेशंटला मात्र आता ते विचारत, “कसा आहे हा भोंगा? किळस येते ना?” पेशंट “अं” म्हणे, आणि या वेळी ते जरा मनापासून वाटे.

असे काही महिने गेले आणि एका सकाळी केमिस्ट गाल धरून दारात उभा राहिला.

“बसा, बसा!” डॉक्टरांनी खुर्ची झटकली. इतक्या वर्षांची वाट पाहणं फळाला आलं होतं. “उघडा तोंड. वा! दाढ पार पोखरलीय. काढावी लागेल. बरं, आता सांगा, मोठा कोण? गुरुजी की राजा?”

“अं! अं अं अं!” केमिस्टने हातवारे केले.

“पटलं ना? शेवटी पटलंच!”

राजाच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचा मुखडा लागला. त्यात एक टाळी येते. त्या टाळीला डॉक्टरांनी हिसका दिला.

दाढ मुळासकट आली आणि तिच्याबरोबर केमिस्टच्या मनातून राजाही गेला. त्या दिवसानंतर टाळी ऐकली की तो दचके. दुकानात राजा लावायची त्याची छाती होईना, आणि शांततेत तर ठणका जास्तच जाणवे. शेवटी नाइलाजाने, कुणी बघत नाही ना याची खात्री करून घेऊन, त्याने एकदा हळूच गुरुजींचं गाणं लावलं. गोळी आणि गाणं बरोबरच लागू पडलं. दुकानात गुरुजी सुरू झाले. दवाखान्यातून ठणकत आलेली माणसं तिथे बाकावर बसू लागली आणि गाणं संपेपर्यंत उठेनाशी झाली.

“काय आवाज आहे हो,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. “आधी कसा कानावर नाही पडला?”

एके दिवशी केमिस्ट भिंतीवर मूठ आपटत ओरडला, “डॉक्टर, तो भोंगा बारीक करा जरा!”

“भोंगा कुणाला म्हणता?” डॉक्टर खवळून पकड हातात घेऊनच बाहेर आले. “लय बघा त्याची! हात कसा झरझर चालतो! गाणं कळतं का तुम्हाला?”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं. ते आत गेले आणि आरशासमोर थोडा वेळ उगाच उभे राहिले. बायकोने हे सगळं ऐकलं होतं.

पुढे गुरुजींचा दुसरा कार्यक्रम झाला. या वेळी तो केमिस्टने ठेवला होता. कुणाच्या खिशात कुणी पास सरकवला नाही, तरी बसायला जागा पुरली नाही. नावेच्या गाण्याच्या तिसऱ्या ओळीला गुरुजींनी झेप घेतली आणि सगळा हॉल “वा!” म्हणून उसळला. फौजदारांच्या डोळ्यांत पाणी होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांचं मनगट पुन्हा धरलं, आणि आता त्यासाठी दाढेची सबब नव्हती.

डॉक्टर पहिल्या रांगेत बसले होते. हॉल ओसंडून वाहत होता, दिलेला शब्द खरा झाला होता, आणि त्यांना राहून राहून वाटत होतं, की गुरुजी जरा फारच संथ गातात. मागच्या बाजूने कुणीतरी “वन्स मोअर” म्हणालं तेव्हा त्यांनी चोरून घड्याळ पाहिलं.

“अहो, पाय,” बायको कुजबुजली. डॉक्टरांचा पाय केव्हापासून राजाच्या ठेक्यावर हलत होता.

कार्यक्रम संपल्यावर गुरुजी गर्दीतून वाट काढत थेट त्यांच्यापाशी आले. त्यांनी डॉक्टरांचे दोन्ही हात हातात घेतले.

“डॉक्टर, परत गायला लागलो मी, ते तुमच्यामुळे. माझ्यासाठी तुम्ही नको तो आवाज दिवसभर सोसलात. तुमच्यासारखा चाहता मला पुन्हा मिळायचा नाही. आता खरं सांगा, आज सगळ्यात जास्त काय आवडलं?”

गाण्याविषयी बोलताना डॉक्टरांना शब्दांची वाण कधी पडली नव्हती. त्यांनी तोंड उघडलं. गुरुजींच्या डोळ्यांत बघितलं. तोंड तसंच उघडं राहिलं.

“अं,” डॉक्टर म्हणाले.